हॉलस्टॅटला पाच दिवस काय केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकते. हो, स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं बुकिंग सोडलं, पैसे बुडाले, तिथला टिटलिस पर्वत राहिला, आणि ऑस्ट्रियातल्या एका तळ्याकाठी आईला घेऊन पाच दिवस राहिले. "दोन तासात बघून होतं ते!" होतं ना. 2013 ला मी स्वतः दोन तासातच उरकलं होतं, समोरच्या काठावर ट्रेनमधून उतरायचं, बोटीने पलीकडे, फोटो, कॉफी, परत. सात हजार वर्षांपासून तिथे मीठ काढतात, 1846 पासून खाणीजवळची जुनी थडगी उकरली आणि युरोपच्या लोहयुगातल्या एका अख्ख्या काळाला या एवढ्याशा गावाचं नाव पडलं, हे मला तेव्हाही पाठ होतं. चर्चजवळच्या अस्थिघरात मात्र गेले नव्हते. कवट्या काय बघायच्या, असं वाटलेलं.

या वेळी आईच आत शिरली. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये पुरायला जागाच नाही, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायचे, कवटी ऊन-चांदण्यात ठेवून पांढरी करायचे आणि कपाळावर नाव लिहून पानंफुलं रंगवायचे. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, निम्म्यांवर असं रंगकाम. आई एकेक नाव वाचून दाखव म्हणाली. मग विचारलं, "लिहायचं कोण हे?" म्हटलं, बहुतेकदा कबर खणणाराच. "म्हणजे ओळखून लिहायचा," एवढंच बोलली.

एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले तेव्हा आम्हाला बॉडी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी अस्थी आणायला गेलो, मडक्यांची रांग, नावं नाहीत, खडूने नंबर. आमच्या चिठ्ठीवर शेवटी 1 होता आणि मडक्यावर 1 की 7 तेच कळेना, खडू पुसला होता, मागे लोक उभे, आत कोणी उत्तर द्यायला तयार नाही. आम्ही दोघांनी तो 1 आहे असं ठरवलं. रामकुंडात विसर्जन केलं. आईला कधीच सांगितलं नाही.

तर पाच दिवस त्यासाठी. तिथे सांगेन असं वाटलं. रोज संध्याकाळी, बसवाले गेले की आम्ही धक्क्यावर बसायचो, पाणी काळंभोर व्हायचं, मी वाक्य जुळवायचे आणि आई शाल सारखी करत बदकांना बघत असायची. भाऊ म्हणतो, सांगून तू फक्त स्वतःचं ओझं तिच्यावर टाकणार. असेलही. पण तिचा नवरा होता तो, तिला माहीत असायला नको? दोन्ही पटतं मला, अजूनही.

पाचव्या दिवशी बोट सुटली तेव्हा आई म्हणाली, "झालं ना गं तुझं बघून?"

मी हो म्हटलं.