व्हिझरची नोंद: 50 हर्ट्झचा चकवा

तीन आठवडे माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पमधून येणाऱ्या ज्या गुणगुणाटाने मला छळले, त्याचा उगम अखेर सापडला आहे. तो कुठे सापडला हे सांगताना थोडी लाज वाटते, कारण मागच्या नोंदीत मी सगळा दोष ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या तारांवर ढकलला होता आणि तुमच्यापैकी दोघांना त्यांच्या तारा नव्याने पिळायलाही लावल्या होत्या. त्या दोघांची माफी मागतो. अ‍ॅम्प निर्दोष होता. चोर होता तो अ‍ॅम्पचे नॉब फिरवणारा माझा व्हिझर.

नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगतो की कॅनडाचे रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांचा मुख्य अ‍ॅम्प म्हणजे 1959 सालचा फेंडर डीलक्स, ट्वीडच्या कापडातला, मूळ रचनेत जेमतेम पंधरा वॅटच्या आतबाहेरचा. त्याचे व्हॉल्यूम आणि टोन पायाने बदलता यावेत म्हणून रिक डेव्हिस यांनी व्हिझर केला आणि सॅल ट्रेन्टिनो यांनी तो पुढे सुधारला. तो आवाजाच्या वाटेत काहीच घालत नाही. मोटर लावून खरोखरचे नॉब ठरलेल्या जागी फिरवतो. माझा 5ई3, म्हणजे त्याच डीलक्सच्या रचनेचा अ‍ॅम्प, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या आधीच वाजू लागला होता, पण व्हिझरला हात घातला तो 28 जून 2025 चा यंग यांचा तिथला कार्यक्रम पाहिल्यावर. ‘लाइक अ हरिकेन’च्या लांबलचक एकलवादनात स्वर फाटतो, पुन्हा आवळला जातो आणि पुन्हा फाटतो, ते ऐकल्यावर एकाच जागी ठेवलेल्या नॉबांनी आपले भागणार नाही, हे मनोमन पटले.

मोटरी तीन लागतात, आणि का लागतात हे मलाही बांधायला घेतल्यावरच कळले. ट्वीड डीलक्समध्ये दोन चॅनेलचे व्हॉल्यूम एकमेकांपासून पुरते वेगळे नसतात. ज्या चॅनेलमध्ये गिटार लावलेली नाही, त्याचा नॉब फिरवला तरी दुसऱ्यावरचा भार बदलतो आणि आवाजाचा पोत हलतो. त्यामुळे दोन व्हॉल्यूम आणि सामाईक टोन असे तिन्ही नॉब एकदम आणि दर वेळी त्याच जागी यावे लागतात. साधा सर्वो (स्पंदांच्या हुकमाने ठरल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) 180 अंश फिरतो आणि पॉटला (नॉबखालच्या फिरत्या रोधाला) साधारण 300 अंश लागतात, म्हणून मी दोनास एक प्रमाणाच्या दातेरी पट्ट्या लावल्या. एक तक्रार इथेच नोंदवून ठेवतो: ‘धातूचे गिअर’ म्हणून विकत घेतलेल्या सर्वोंपैकी एक दुसऱ्याच दिवशी करकरला, आणि उघडून पाहिला तर आतले एक चाक सोडून बाकी सगळे प्लास्टिकचे होते. यापुढे सर्वो हातात आला की आधी झाकण उघडायचे आणि मगच तो बसवायचा.

आता गुणगुणाटाकडे येतो. व्हिझर बसवल्यावर स्पीकरमधून एक खर्जातली घूं सुरू झाली. मोबाइलवरच्या ध्वनिविश्लेषकाने 50 हर्ट्झ दाखवले, आणि 50 हर्ट्झ म्हटल्यावर कोणीही भिंतीतल्या विजेवरच संशय घेईल. फिल्टर कपॅसिटर मी लगेच बाद ठरवले, कारण फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारी लहर 100 हर्ट्झची असते, 50 ची नव्हे. राहिल्या हीटरच्या तारा आणि अर्थिंग. तारा पुन्हा पिळल्या, शंभर-शंभर ओहमचे दोन रोध लावून हीटरचा कृत्रिम मध्यबिंदू काढला, सगळे अर्थ एका बिंदूवर आणले, पहिली ट्यूब बदलली आणि मग दुसरीही बदलली. दर वेळी उच्च दाबाचे कपॅसिटर रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा, हा सोपस्कार मी निदान पंधरा वेळा केला असेन. तो कंटाळा आला तरी टाळायचा नाही, हे ज्यांनी एकदा झटका खाल्ला आहे त्यांना सांगायला नको.

घूं तसूभरही कमी झाली नाही. शिवाय ती श्वास घेतल्यासारखी हळूहळू वाढत आणि ओसरत होती. खरे तर इथेच माझे डोळे उघडायला हवे होते. एकच उगम असता तर आवाज स्थिर राहिला असता. तो झुलतो म्हणजे जवळजवळ सारख्या कंपनसंख्येचे दोन उगम एकमेकांत मिसळत आहेत. पण मी त्या झुलण्याचा ठपका म्हाताऱ्या ट्यूबवर ठेवून मोकळा झालो.

उलगडा अपघाताने झाला. सर्वो जागेवर आल्यावरही किंचित थरथरत होते, म्हणून त्यांना जाणाऱ्या स्पंदांचा वेग बदलून पाहावा असे वाटले आणि व्हिझरच्या प्रोग्रॅममध्ये 50 च्या जागी 60 लिहिले. अ‍ॅम्प तापला, आणि घूं षड्जावरून सरळ कोमल गंधारावर जाऊन बसली. मी गिटार खाली ठेवली आणि काही क्षण नुसता ऐकत राहिलो. 60 भागिले 50 म्हणजे सहास पाच, आणि तेच कोमल गंधाराचे गुणोत्तर. भिंतीतली वीज काही माझ्या प्रोग्रॅममधला आकडा वाचून आपला सूर बदलत नाही. साध्या सर्वोला दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो, म्हणजे सेकंदाला 50, आणि नेमकी तीच संख्या विजेचीही असल्यामुळे मी तीन आठवडे चकव्यात सापडलेल्या वाटसरूसारखा त्याच झाडाभोवती फिरत होतो. त्यात भर म्हणजे सोयीसाठी व्हिझरचा वीजपुरवठा मी अ‍ॅम्पच्याच स्विचवर घेतला होता, त्यामुळे एक बंद ठेवून दुसरा चालू करून पाहण्याचा साधा प्रयोग कधी झालाच नाही. तो स्विच आता वेगळा केला आहे.

उपाय सोपा वाटला: नॉब जागेवर आला की स्पंद थांबवायचे आणि सर्वोची वीज तोडायची. शांतता अशी पसरली की अ‍ॅम्प चालू आहे ना, हे पाहायला मी ट्यूबचा उजेड तपासला. तो आनंद जेमतेम अर्धा तास टिकला. वीज तुटताच ताणलेला दातेरी पट्टा सैलावतो आणि नॉब अर्ध्या खुणेने मागे सरकतो. प्रत्येक नॉबवर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, त्यामुळे ही लबाडी डोळ्यांना दिसते. इतर अ‍ॅम्पवर अर्धी खूण कोणाच्या लक्षातही आली नसती, पण ट्वीडचे नॉब 12 पर्यंत जातात आणि 10 व 12 यांच्यातला फरक हाच तर आपल्या सगळ्या खटाटोपाचा विषय आहे. तेव्हा सर्वो काढून वर्म गिअरच्या मोटरी लावायच्या, असे मी ठरवले होते. वर्म गिअर वीज नसतानाही सहसा मागे फिरत नाही.

या निमित्ताने, नील यंग यांनी आता दौरे थांबवावेत का, या आपल्यात चाललेल्या वादाबद्दलही लिहितो. ‘आता बाबांनी थांबावे’ असे म्हणणाऱ्यांचा भर दोन गोष्टींवर आहे: वय आणि ग्लास्टनबरीची गर्दी. गर्दी विरळ होती हे मान्य. त्याच वेळी दुसऱ्या मोठ्या मंचावर पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्स होती, आणि तरुण तिकडे गेले यात नवल नाही. वयाचे म्हणाल तर 12 नोव्हेंबर 2025 ला यंग यांनी 80 पूर्ण केली, पण त्याच मंचावर ऑर्गनवर बसलेले स्पूनर ओल्डहॅम तेव्हा 82 वर्षांचे होते, याचा उल्लेख कोणीच करत नाही. मला स्वतःला सर्वांत बोलका वाटला तो प्रारंभ. एकोणिसाव्या वाढदिवशी लिहिलेले ‘शुगर माउंटन’ त्यांनी 79 व्या वर्षी एकट्याने, अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिकावर, ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर, पिरॅमिड स्टेजवर, पहिले म्हणून गायले. मुख्य कार्यक्रमाची सुरुवात दणक्यात करायची, हा संकेत त्यांनी खुशाल बाजूला ठेवला. आवाज थरथरला, पण तो 1970 सालीही उंच आणि कातरच होता, त्यामुळे वयाला त्यातून हिरावून घेण्यासारखे इतरांच्या मानाने कमी सापडते.

दौऱ्यांच्या भवितव्याची खरी चिंता मला गळ्यापेक्षा वेळापत्रकाची वाटते. 2024 मध्ये क्रेझी हॉर्स या त्यांच्या जुन्या बँडसोबतचा दौरा डेट्रॉइटनंतर आजारपणामुळे थांबला होता. 2025 मध्ये 18 जूनला स्वीडनमधल्या रेटविकपासून 13 जुलैच्या पॅरिसपर्यंतचा युरोपातला टप्पा क्रोम हार्ट्स या नव्या बँडसोबत पार पडला, आणि ऑगस्टमध्ये शार्लटपासून अमेरिकेतला टप्पा होता. मायका नेल्सन, कोरी मॅकॉर्मिक आणि अँथनी लोगेर्फो हे या बँडमधले तिघेही प्रॉमिस ऑफ द रिअल या आधीच्या बँडच्या काळापासून त्यांच्या सवयी जाणतात, आणि ते जोर लावत असताना म्हाताऱ्याला मध्येच दोन चरण नुसते उभे राहता येते. माझा अंदाज असा की मोठे दौरे कमी होतील, दोन कार्यक्रमांमधले दिवस वाढतील, पण जोवर तो छोटा अ‍ॅम्प ट्रकमध्ये चढतो आहे, तोवर कार्यक्रम होत राहतील. वाकून नॉब फिरवण्याचे कष्ट तर व्हिझरने कधीच वाचवले आहेत. हा अंदाज चुकला तर खुशाल ऐकवा.

वरचा परिच्छेद लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली आणि मी उठून कामाच्या टेबलावर गेलो. पट्टा सैलावल्यामुळे नॉब मागे येतो तो दर वेळी सारखाच येत असेल, तर ती चूक नव्हे, तो हिशेबात धरता येणारा आकडा आहे. अट एवढीच की नॉब नेहमी एकाच दिशेने जागेवर आला पाहिजे. लेथवर काम करणारे गिअरमधली ढिलाई अशीच काढतात. म्हणून आता प्रत्येक बदलात नॉब आधी ठरल्या जागेच्या खाली जातो, मग वर चढतो, अर्धी खूण पुढे जातो आणि वीज तुटल्यावर आपणहून मागे येऊन बसतो. व्हिझरच्या ठरलेल्या जागांपैकी तिसरी दहा वेळा लावून पाहिली. नऊ वेळा ठिपका रेघेवर आला, एकदा केसभर चुकला. तेव्हा वर्म गिअरच्या तीन मोटरींची मागणी मी रद्द करत आहे.

तिन्हींची नव्हे, दोनांचीच. वाद्याच्या चॅनेलचा नॉब 12 वर न्यायचा तर त्याच्या पुढे जायला जागाच नाही. तो टोकाला टेकतो आणि वीज तुटताच साडेअकराच्या आसपास परत येतो. बाकी दोन नॉब 12 पर्यंत न्यावे लागत नाहीत, म्हणून तेवढ्या एकाला वर्म गिअर लावतो. त्यानंतर 6व्ही6 जातीच्या दोन पॉवर ट्यूब काढून यंग यांच्याप्रमाणे 6एल6 घालायच्या आहेत. त्या दोघी मिळून हीटरला 0.9 ऐवजी 1.8 अँपिअर मागतात, त्यामुळे माझा ट्रान्सफॉर्मर किती तापतो हे आधी तासभर हात लावून पाहावे लागेल. शार्लटचे ध्वनिमुद्रण कोणाच्या हाती आले तर ‘हरिकेन’ असल्यास आधी तेच पाठवावे. तोवर 12 वरचा ठिपका हलायचा थांबलेला असेल.