उन्हाळ्यातलं सोलरचं पाणी

सोलर वॉटर हीटर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम मी सोलापुरात करतो. आमच्या धंद्यात तक्रार एकच, पाणी तापत नाही. तीही गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, थंडी पडली की. 'पाणी फार तापतंय, बघून जा' असं कुणी फोन करून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर सोलर आहे हेच लोक विसरतात, आणि तो सगळ्यात जास्त तापतो तेव्हाच.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो एप्रिलच्या शेवटाचा. वेळ दुपारी चारची. पूर्व भागातलं घर, खाली टॉवेलचे माग, वर बिऱ्हाड. मालकांनी बोलावलं होतं ते भलत्याच कामाला. सोलरच्या टाकीवर जो उभा पाइप असतो त्यातून वाफ येत होती, पाणी ओघळून गच्चीवर पांढरे डाग पडले होते.

"तेवढं बूच मारून द्या की ओ," मालक म्हणाले.

त्या पाइपाला बूच कधीच मारायचं नसतं. वाफ कोंडली तर टाकी फुटते. त्यातून वाफ निघतेय म्हणजे आतलं पाणी उकळीला आलंय, हा खरा निरोप. हिवाळ्यात सिंटेक्सच्या टाकीतलं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, दिवसभराच्या उन्हाने ते साठापर्यंत जातं. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी सोलरमध्ये शिरतानाच पस्तीसच्या वर असतं, ऊन जहाल असतं, आणि वापर जवळपास शून्य. कालचं गरम पाणी आज आणखी तापतं, उद्या आणखी. मी हे त्यांना समजावत होतो आणि ते मान हलवत बुचाचा भाव विचारत होते.

एवढ्यात खालून पोराची किंकाळी आली.

मालकांची लेक सुट्टीला माहेरी आली होती, तिचा दोन वर्षांचा मुलगा. आजी त्याला बाथरूममध्ये अंघोळ घालत होत्या. मी पोचलो तोवर त्यांनी त्याला उचलून बाहेर आणलं होतं. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत लालबुंद, पावलावरची कातडी एका जागी सुरकुतल्यासारखी. आई स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन धावली, शेजारची बाई कोलगेट आणते म्हणाली.

भाजल्यावर काय करायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे, कारण पहिले भाजतो आम्हीच. म्हटलं, "ताई, हळद नको, काहीच लावू नका. आधी पायावर पाणी सोडा." तिने बेसिनचा नळ फिरवला, तर त्यातून नुसती हवा. दुपारपासून लाइट नव्हती, बोरची मोटर चाललेली नाही, बोरची टाकी कोरडी पडलेली.

सोलापुरात नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघर पिंपं भरलेली असतात. यांच्याकडेही होतं, झाकण लावलेलं, पिण्या-स्वयंपाकाचं. मी तांब्या बुडवला तशा आजी रडता रडता म्हणाल्या, "अवो, नळ आता परवा यील." म्हटलं, "आजी, येऊ द्या परवा." आईने मांडीवर घेऊन पाय बादलीवर धरला आणि आम्ही आळीपाळीने तांब्या तांब्या ओतत राहिलो. जोराने नाही, संथ धार. वीस मिनिटं तरी ओतावं लागतं. दोन तांबे ओतून लोक थांबतात, पण कातडीच्या आत शिरलेली उष्णता तेवढ्याने निघत नाही, ती आत भाजतच राहते. सुरुवातीला ओतायचं राहून गेलं असेल तर तीन तासांच्या आत ओतलं तरी उपयोग होतो. बर्फ मात्र नाही. मालक फ्रीजकडे निघाले होते, त्यांना थांबवलं. बर्फ लावला तर भाजलेल्या जागेला मिळणारं रक्त आणखी कमी होतं.

पोराच्या पायात चांदीचा वाळा होता. पाणी ओतताना माझं लक्ष तिकडे गेलं. पाय सुजला की तो रुतणार, मग कापूनच काढावा लागला असता. आईने साबण न लावता, नुसत्या पाण्यात बोटाने फिरवत फिरवत तो टाचेवरून काढला. अंगावरचं ओलं झबलंही काढलं आणि बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळलं. लहान मूल अर्धा तास पाण्यात भिजलं तर एप्रिलातही गारठतं, म्हणून गार फक्त भाजलेला भाग करायचा.

दवाखान्यात न्यायचं म्हणून मालक खालून कोरा टॉवेल घेऊन आले, मागावरून नुकताच उतरलेला, मऊ, जाड. मालाचा अभिमान समजतो, पण टॉवेलचे दोरे जखमेला चिकटतात. आजीच्या धुतलेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा पायावर सैल ठेवला. फोड यायला लागले होते. कुणी ते फोडू नये म्हणून मी रिक्षेत सोबत बसलो, खरं सांगायचं तर आजीच्या हातातली हळदीची पुडी मला दिसली होती.

ड्रेसिंग करणाऱ्या नर्सताईंनी पहिलं काय विचारलं, तर "काय लावलं?" काही नाही, पाणी ओतलं, म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. हळद, पेस्ट, शाई, तूप लावून आलेली जखम आधी घासून साफ करावी लागते, तेव्हा मूल दुसऱ्यांदा किंचाळतं. चहा, आमटी आणि अंघोळीचं पाणी यानेच बारकी पोरं भाजून येतात, असंही त्या म्हणाल्या. हात, पाय, तोंड, सांधा किंवा जांघेत भाजलं, किंवा भाजलेली जागा त्या माणसाच्या तळहाताहून मोठी असली, तर घरी बसायचं नाही. लहान मूल असेल तर जागा छोटी दिसली तरी दाखवायचं.

झालं कसं, हे मला परत येऊन बघायचं होतं. तोवर लाइट आली होती. मी पेनासारखा थर्मामीटर बाळगतो, तो बाथरूमच्या मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, गरम बाजूला धरला: ८१ अंश. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर भाजते, ५० अंशांना साधारण पाच मिनिटं लागतात, आणि सत्तरला एक सेकंद पुरतो. पोराची कातडी पातळ, तिला याहूनही कमी.

आजींचं काही चुकलं नव्हतं. मिक्सर त्यांनी नेहमीसारखाच उघडला होता, हाताने बघून पोराला खाली बसवलं होतं. घोटाळा प्लंबिंगचा. सोलर ज्याने बसवला त्याने सोलरला नळाच्या पाण्याची टाकी दिली, बोरचं क्षाराचं पाणी दिलं नाही. तेवढं बरोबर केलं, नाहीतर सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या ट्यूब वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या पडतात. पण बाथरूमची थंड लाइन बोरच्या टाकीवर ठेवली. बोरची टाकी संपत आली तसं थंड पाणी कमी होत गेलं, गरम तेवढंच राहिलं. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? धार बारीक झाली. बारीक धारेला कोण घाबरतो? आजी साबण घ्यायला वळल्या, पोराने पाय धारेखाली धरला.

मालकांना दोन रस्ते सांगितले. एक, थंड लाइनही नळाच्या टाकीवर घ्या. सोलरमधलं गरम पाणी मागून थंड पाणी ढकलतं म्हणून बाहेर येतं, टाकी संपली की दोन्ही बाजू थांबतील. ते म्हणाले, "अंघोळीला नळाचं पाणी कुठून पुरवू?" तेही खरंच. दुसरा रस्ता, मिक्सिंग व्हॉल्व्ह. गच्चीवरून येणाऱ्या गरम लाइनीवर बसतो, थंड पाणी आपोआप मिसळून ४५ अंशांच्या वर जाऊ देत नाही, आणि थंड बंद पडलं तर गरमही बंद करतो. स्वस्त साध्या व्हॉल्व्हमध्ये हे शेवटचं होत नाही, म्हणून विकत घेताना हेच विचारायचं. बुचापेक्षा महाग पडला, पण त्यांनी किंमत विचारली नाही. सोबत अर्ध्या ट्यूबांवर जून उजाडेपर्यंत शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, टाकलं. वाफ दोन दिवसांत थांबली.

आता होळी झाली की मी माझ्या गिऱ्हाइकांना शेडनेट टाकायला सांगतो. "मग सोलर घेतला कशाला?" असं निम्मे जण विचारतात. गिझरवाल्यांना सांगतो, काटा पन्नास-पंचावन्नवर ठेवा. एक विद्वान म्हणाले, साठच्या खाली टाकीत जंतू वाढतात. अगदी तसं नाही, पण मुद्दा खरा. लेजिओनेला नावाचा, फुप्फुसाचा आजार करणारा जंतू पन्नासच्या वर वाढत नाही, पण साठला मरतो तसा झटपट मरतही नाही. मग टाकी साठवर ठेवा आणि नळाच्या आधी व्हॉल्व्ह लावा. तोवर आधी थंड, मग गरम, आणि बंद करताना आधी गरम. पोर बसवायचं ते नळ पूर्ण बंद झाल्यावर, बादलीतलं पाणी कोपराने बघून.

पोराचा पाय भरला. ड्रेसिंगला काही आठवडे गेले, पावलावर फिकट डाग राहिला, त्याला ऊन लागू देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय.

त्या घरच्या सुनेला मी व्हॉल्व्हची परीक्षा शिकवली आहे. गरम नळ चालू ठेवायचा, थंड लाइनचा वॉल बंद करायचा, दोन-तीन सेकंदांत गरम धार तुटली पाहिजे. पावसाळ्यानंतर तिचा फोन आला, धार तुटायला वेळ लागतोय म्हणून. उघडून बघितलं तर थंड बाजूच्या जाळीत बोरचा क्षार खडूसारखा बसलेला. व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केला, परत चढवला. तिने माझ्यासमोरच थंडचा वॉल बंद करून बघितला, आणि मगच पैसे दिले.