बाबांनी काय केलं

मुक्तिदिनाचा फलक करायला घेतलाय म्हणून वाड्यावरच्या मुलाने मजकूर बघायला पाठवला. बाबांच्या नावाखाली ‘१९६१ च्या गोवा मुक्तिलढ्यातील शूर सैनिक’. मी कळवलं, अरे, बाबा तेव्हा १३ वर्षांचे. पोर्तुगिजांनी अस्नोड्याचा पूल उडवला तो बघायला धावलेल्या पोरांतले एक. बेळगावला भरती झाले ते १९६७ साली. लगेच त्याचा फोन. आवाज पडलेला. ‘मग ताई, त्यांनी काय केलं?’

पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी ‘ड्रायव्हर होते’ म्हटलं आणि म्हणताना माझा आवाज खाली गेला. तेच दुपारपासून टोचतंय. का गेला? बाबांच्या ड्रायव्हर असण्याची मला कधी लाज वाटली नाही. नाही ना वाटली?

लोकांच्या घरी भिंतीवर पदकं असतात, जमालपूर, कारगिल असं सांगायला काहीतरी असतं. माझ्याकडे सांगायला काय आहे? १९७१ च्या लढाईत बाबा फौजेच्या शक्तिमान ट्रकवर होते. दारूगोळा, रेशन, परतताना कधी जखमी. त्या रात्रींबद्दल खोदून विचारलं की ठरलेलं उत्तर: दिवे बंद, पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, पांढरा रंग मारलेला, त्याच्यावर एक बारीक दिवा. त्या पांढऱ्या गोळ्यावरून नजर काढायची नाही, बस. लढाईची गोष्ट ऐकायला बसलेल्या आम्हा भावंडांच्या वाट्याला डिफरन्शियल यायचं. आम्ही जांभया द्यायचो.

जखमींबद्दल एकदा भाईशी बोलले होते. ते राहू दे.

मला गाडी त्यांनीच शिकवली. चोर्ला घाटात नेऊन. ‘चढताना जो गिअर, उतरताना तोच. ब्रेकवर उतरतो तो ड्रायव्हर न्हय.’ त्याआधी गाडीखाली वाकून तेल गळलंय का बघायचं, मग पाणी, मग चारही टायरांना एकेक लाथ. जत्रेला निघालो तरी हेच. आई नवं लुगडं नेसून, हातात ओटीचं तबक घेऊन ताटकळत उभी आणि बाबा जमिनीला गाल लावून गाडीखाली. अजून मी कामाला निघताना वाकून बघतेच. समोरच्या बाईंना वाटतं मी मांजर शोधतेय. एकदा त्यांनी दूधही आणून दिलं.

पण हे फलकावर कसं लिहायचं? २४ वर्षं नोकरी, हवालदार म्हणून घरी, गाडी कुठे आपटली नाही. हे शौर्य आहे का? मला वाटतं, आहे. मग फोनवर तसं का नाही म्हणाले?

संध्याकाळी पुन्हा त्याचाच फोन. निदान बंदूक घेतलेला फोटो तरी? मला हसू फुटलं. बंदुकीसोबत बाबांचा एकच फोटो आहे, निवृत्तीनंतर म्हापशाला बँकेच्या दारात राखणीला बसायचे तेव्हाचा. हातात दुनळी, मागे वाहन कर्जाची पाटी. पाठवला, खरं काय ते सांगूनच. ‘चालेल ताई, पाटी कापतो.’ बाबा असते तर आठवडाभर भेटेल त्याला हे सांगत सुटले असते.

जेवताना आईला विचारलं, बाबांनी फौजेत काय केलं गं? ती बांगड्याचा काटा काढत होती.

‘मनीऑर्डर,’ म्हणाली. ‘दर महिन्याला, न चुकता. आणि मे महिन्यात सुट्टीवर आले की छपराचे नळे परतायचे.’ घास गिळून पुढे, ‘तरी पावसात गळायचंच. बादल्या मी ठेवत होते. मी काय केलं ते नाही विचारलं त्या पोराने?’