‘ओळखलंत का मला?’ असं विचारू नका

स्ट्रोकच्या पेशंटला भेटायला आलेला माणूस खाटेशी वाकून हमखास विचारतो, “काका, ओळखलंत का मला?” काकांनी चेहरा ओळखलेला असतो, नाव ओठांवर येत नसतं. तीन-चार सेकंद जातात आणि घरातलंच कुणीतरी नाव सांगून मोकळं होतं. काकांना एवढंच कळतं की आपली परीक्षा झाली आणि आपण नापास झालो. असं चारदा झालं की पाचव्या वेळी पाहुण्याची चाहूल लागताच ते डोळे मिटून घेतात. मग सगळे म्हणतात, स्मरणशक्ती गेली.

मेंदूचा कुठला भाग गेला, किती गेला, यावर पुष्कळ काही ठरतं, हे खरंच. पण सारखीच इजा झालेल्या दोघांची वर्षभरानंतरची स्थिती अगदी वेगळी असू शकते. शिक्षण, डोक्याला चालना देणारं काम आणि माणसांची ऊठबस यांतून मेंदूची शिल्लक तयार होते. एक वाट बंद झाली की मेंदू दुसरीने काम काढून घेतो.

ही सामाजिक बाजू तपासणीतही शिरते. स्मरणशक्ती, लक्ष, आखणी तपासणारी ‘मोका’ नावाची चाचणी ३० गुणांची असते आणि २६ च्या खाली गेलं की शंका घेतात. १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर १ गुण वाढवून देतात. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. ज्याने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही त्याला चाचणीतली घनाकृती काढता आली नाही, तर त्यात स्ट्रोकचा दोष किती? म्हणून स्ट्रोकआधी हा माणूस हिशेब, फोन, औषधं, प्रवास यांतलं काय काय स्वतः करायचा, ते घरच्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावं.

स्ट्रोकनंतर जुन्या आठवणी बहुधा टिकतात. मार बसतो तो विचारांच्या वेगाला, लक्ष टिकवण्याला, कामाची आखणी करण्याला. त्यामुळे टीव्ही चालू आणि पाच जण एकदम बोलताहेत, अशा खोलीत पेशंट हरवून जातो. एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, पंधरा-वीस मिनिटं, तीही दिवसाच्या ताज्या वेळी. चष्मा आणि कानाचं यंत्र आधी लावा. हॉस्पिटलच्या पिशवीत ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि ऐकू न आलेली गोष्ट ‘विसरली’ म्हणून धरली जाते. आल्याआल्या नाव स्वतःच सांगा : “काका, मी सुरेश, तुमच्या ऑफिसातला.” प्रश्न विचारलात तर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर तयार होत असतं.

मात्र थांबणं हे शब्द सापडत नसताना. नवी गोष्ट शिकवताना उलटं करा, अंदाज बांधायला लावू नका. स्मृती कमकुवत असताना चुकीचं उत्तरच डोक्यात घट्ट बसतं. बरोबर उत्तर आधी सांगा, मग १ मिनिटाने विचारा, मग २, ४, ८ मिनिटांनी. चुकलं तर लगेच उत्तर सांगा आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या.

माणसं येईनाशी झाली की नुकसान फक्त गप्पांचं होत नाही. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ते विसराळूपणासारखंच दिसतं : उत्तरं उशिरा, कशातच लक्ष नाही. त्यावर उपचार आहेत, म्हणून ते ओळखायलाच हवं. एकटा माणूस चालत नाही, नीट झोपत नाही, बीपीच्या गोळ्या चुकवतो. पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण दहातल्या एकाला नव्याने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो. स्ट्रोक पुन्हा आला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर जातं. बीपीची गोळी ही स्मरणशक्तीचीही गोळी आहे.

आणि सांभाळणारी व्यक्ती? बहुतेक घरांत ती एकटीच असते. ती थकली की बोलणं “जेवलात? गोळी घेतली? पडून राहा” एवढ्यावर येतं. अशा बोलण्यात विचार करायला जागाच उरत नाही. आठवड्यातून दोन दुपारी दुसऱ्या कुणीतरी येऊन बसणं हा पेशंटच्या मेंदूचाही उपचार आहे. पैशाअभावी थेरपी बंद पडलेल्या घरात तर जास्तच.

काळजीपोटी घरचे सगळीच कामं काढून घेतात, आणि सराव थांबतो. कामं परत द्या, पण टप्प्याने. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी पहिल्या आठवड्यात तुम्ही भरा, प्रत्येक गोळी बोलून दाखवत. दुसऱ्या आठवड्यात दोघं मिळून. नंतर त्यांनी भरायची आणि तुम्ही दर वेळी तपासायची.

खाटेजवळ एक वही ठेवा. आलेल्याने तारीख, नाव आणि काय बोलणं झालं ते दोन ओळींत लिहायचं. संध्याकाळी ते पेशंटसोबत वाचायचं. पुढचा पाहुणा तिथूनच गप्पा सुरू करतो. स्ट्रोकमुळे डाव्या बाजूकडे लक्षच जात नसेल तर वही उजवीकडे ठेवा, नाहीतर ती त्यांना दिसणारच नाही.