किती नग?

परवा दुपारी मावशीला गाडीत बसवून देण्यासाठी दादर स्थानकावर गेले होते, तेव्हा हमालाने सामानाकडे पाहून "किती नग?" असे विचारले आणि मावशीने क्षणाचाही विलंब न लावता "पाच, आणि सहावी मी" असे उत्तर दिले. हमाल हसला नाही. मला मात्र हसू आले, कारण त्या एका शब्दासरशी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची एक छोटी बस डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

‘ते आनाऊ’ या गावाहून मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीकडे निघालेल्या त्या बसमध्ये आम्ही अवघे चौदा प्रवासी होतो. चालक हाच आमचा वाटाड्या होता आणि त्याला माणसे मोजण्याचे विलक्षण वेड होते. वाट जेमतेम 120 किलोमीटरची. परंतु मिरर लेक्सपाशी पाय मोकळे करून आलो की तो आम्हाला मोजत असे, आणि होमर बोगद्याच्या तोंडाशी किआ पोपट उभ्या गाड्यांचे रबर चोचीने उचकटत असतानाही तो तर्जनी हलवत, ओठांतल्या ओठांत मोजतच होता.

अगदी असेच माझे आजोबा मोजत असत. मे महिन्यात गावी जाताना दाभोळहून धोपाव्याला होडीने खाडी ओलांडावी लागे, आणि आजोबांच्या हिशेबात ट्रंका, वळकट्या, आंब्यांच्या करंड्या आणि आम्ही नातवंडे असा भेदभाव नव्हता. सगळे मिळून अकरा नग. होडीत बसण्यापूर्वी एकदा, पलीकडे उतरल्यावर एकदा आणि खाडीच्या ऐन मध्यावरही एकदा ते मोजत. मध्यावर कोण कुठे जाणार होते, हे त्यांना विचारण्याची प्राज्ञा कोणाचीच नव्हती. एके वर्षी अकराऐवजी बारा भरले. दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा आमच्या वळकटीवर गाढ झोपला होता. तो ज्याचा त्याला परत केल्याच्या आनंदापेक्षा हिशेब जुळल्याचा आनंद आजोबांच्या चेहऱ्यावर अधिक होता.

होमर बोगदा सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा आहे. 1935 साली पाच माणसांनी कुदळ-फावडी घेऊन त्याचे काम सुरू केले आणि 1954 मध्ये तो वाहनांसाठी खुला झाला, हेदेखील चालकाने सांगितले. पाच हा आकडा त्याने विशेष प्रेमाने उच्चारला, असे मला उगाचच वाटले.

बोगद्यापलीकडे पाऊस कोसळत होता. एवढ्या लांब येऊन लख्ख ऊन मिळू नये, याबद्दल मी मनातल्या मनात कुरकुरत होते. वास्तविक वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या आंबोलीच्या पंक्तीला बसेल इतका पाऊस जिथे पडतो, तिथे उन्हाची अपेक्षा धरणे हाच आगाऊपणा होता. बोट धक्क्यावरून निघाली आणि माझी कुरकुर थांबली. हिमनदीने कोरलेले ते सरळसोट कडे पाण्यातून थेट ढगांत शिरत होते. आमच्या खाडीला चिखल असतो, तिवरे असतात, पाय टेकायला काठ असतो. इथे काठ असा नव्हताच. बारमाही मोठे धबधबे तिथे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. परंतु पावसाने त्या दिवशी प्रत्येक कड्यावरून शेकडो पांढऱ्या धारा सोडल्या होत्या, ज्या पाऊस थांबल्यावर काही तासांत नाहीशा होतात. मी मोजू लागले. सदतिसापर्यंत आले असताना कप्तानाने बोटीचे नाक सुमारे दीडशे मीटर उंचीच्या स्टर्लिंगखाली नेले आणि चष्मा, कानटोपी व हिशेब असे तिन्ही नग वाहून गेले.

परत बसमध्ये आलो तेव्हा सगळेच ओलेचिंब होते. या जागेचे माओरी नाव पियोपिओताही. ताही म्हणजे एक. माऊई हा पुराणपुरुष माणसाला अमरत्व मिळवून देण्याच्या खटपटीत मरण पावला, तेव्हा त्याचा पियोपिओ पक्षी शोक करीत एकटाच इथे उडत आला, अशी कथा आहे. चालकाने ती सांगितली, आणि पियोपिओची जातच आता पृथ्वीवर उरलेली नाही, हेही त्याच स्वरात सांगितले.

मग गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने मागे वळून आम्हाला पुन्हा एकदा मोजले.