पाठीमागचा काठ

फेरीबोटीवर फोटो काढायचा असेल तर कठड्याला टेकायचं नाही. इंजिन सुरू झालं की सगळं लोखंड थरथरायला लागतं आणि कोपर कठड्यावर ठेवलं तर ती थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. ट्रायपॉडचाही काही उपयोग नाही. पाय थोडे लांब ठेवायचे, गुडघे सैल सोडायचे, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही. हे शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर तसाच उभा होतो. फोंड्याहून स्कूटरने येताना बोटं गारठली होती. धुक्यात मांडवी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. फेरीत चार-पाच स्कूटर, थापी-ओळंबा पिशवीत घेतलेले दोन गवंडी आणि सायकलवर निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली बांधलेला एक पोदेर, म्हणजे पाववाला. गरम पावांचा वास सगळ्या बोटभर. खलाशाने दोर सोडला, रॅम्प वर उचलला गेला. सगळे दिवाडीकडे तोंड करून उभे राहिले, मी मात्र पाठ फिरवून सुटत चाललेल्या धक्क्याकडे बघत राहिलो. माझ्या या मालिकेचा नियमच तो आहे. बोट मध्यावर आली की मागे राहिलेल्या काठाचा फोटो काढायचा.

ही मालिका कशी सुरू झाली ते सांगायला हवं.

माझी आजी देवांबद्दल बोलायची ते सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, कामाक्षी रायची, रामनाथ लोटलीचा. आज हे सगळे फोंडा तालुक्यात आहेत: मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, शिरोडा, बांदिवडे. का, तर पोर्तुगिजांनी १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली. फोंडा आणि डिचोली हे भाग तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हते, ते गेले थेट अठराव्या शतकात. म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे आधीच पोर्तुगिजांकडे गेलेल्या भागांतल्या लोकांनी आपापले देव उचलले आणि नदीपलीकडे नेले. नकाशा समोर घेऊन बसलं की कळतं, साष्टीतून फोंड्याला यायचं तर झुवारी ओलांडावी लागते आणि तिसवाडीतून निघायचं तर मांडवी नाहीतर तिचा एखादा फाटा. आजी एवढंच म्हणायची, ‘देव होडयेंतल्यान आयले.’ होडीतून आले.

फोटोग्राफी हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. आठवडाभर कचेरी, शनिवार-रविवार कॅमेरा. तरी मी एक गोष्ट आधीपासून पाळत आलो आहे: दिसेल ते टिपत हिंडायचं नाही. एक विषय घ्यायचा आणि तो संपेपर्यंत सोडायचा नाही. समुद्र, सूर्यास्त, नारळाची झाडं यांचे फोटो गोव्यात कुणालाही चांगले येतात. ते बघून माणूस ‘सुंदर’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मला तिथं थांबणारा माणूस हवा होता, त्यासाठी आधी मला स्वतःला थांबायला हवं होतं.

या मालिकेचं पहिलं वर्ष मी देवळांवरच घालवलं. मंगेशीची सात मजली दीपमाळ पहाटे, सांजवेळी, पावसात. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं कवळेचं देऊळ समोरून, बाजूने, तळीत पडलेल्या प्रतिबिंबासकट. चारेकशे फोटोंमधून तीस निवडले, छापून आणले आणि घरी बैठकीत जमिनीवर मांडले. आई चष्मा लावून एकेक बघत गेली आणि शेवटी म्हणाली, ‘देवळं तर कॅलेंडरावर पण असतात रे. यात नदी कुठं आहे?’

त्या रात्री मी ते प्रिंट पुन्हा पुन्हा बघितले. तिचं खरं होतं. देव जिथं पोचले ते मी टिपलं होतं. जाणं कुठंच नव्हतं.

त्याच पावसाळ्यात माझ्या झूम लेन्सला बुरशी लागली. जून ते सप्टेंबर गोव्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथं लेन्सचं काय. सिलिका जेलच्या पुड्या ओल्या झाल्या होत्या आणि मी त्या बदलल्या नव्हत्या. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले. एका दुरुस्तीवाल्याने ती तीन महिने ठेवून घेतली आणि तशीच परत दिली. हातात उरली ती एकच, ३५ मिलिमीटरची साधी लेन्स. लांबचं जवळ ओढून घेणं बंद झालं. काठ जेवढा लांब आहे तेवढाच लांब दिसणार. आणि बोटीच्या मध्यावरून सुटलेला काठ जेवढा लहान दिसतो, तेवढा लहान दिसणं हाच तर माझा विषय होता. मग बाकीचे नियम आपोआप ठरत गेले. प्रवास देव गेले त्याच दिशेने करायचा, म्हणजे जुन्या काबिजादीतून नव्या काबिजादीकडे. नजर मागे. एका फेरीत एकच फोटो.

हा शेवटचा नियम सगळ्यात कठीण. पाच-सात मिनिटांत नदी संपते. पण एकच क्लिक हातात आहे म्हटल्यावर डोळे काय काय बघायला लागतात! धक्क्यावर राहिलेला कुत्रा, पाण्यात वाकलेली खारफुटी, उशीर झाल्यामुळे फेरी चुकलेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस. त्या शनिवारी धुक्यामुळे काठ असा नव्हताच. जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे तेवढे राखाडी रंगात तरंगत होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवला आणि क्लिक केलं. दाणे आले आहेत फोटोत. राहू दिले.

दिवाडी, म्हणजे जुन्या नावाने दीपवती, स्कूटरने ओलांडायला फारसा वेळ लागत नाही. पण मी कधीच लवकर पोचत नाही. दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं, बांधांवर बगळे, टेकडीवर पिएदादचं चर्च. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे आहे. जांभ्या दगडातलं कोटीतीर्थाचं तळं तिथं आहे आणि सप्तकोटेश्वर मूळचा इथलाच. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. त्यांच्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ अशी अक्षरं असतात. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी थर्मासमधला चहा प्यायलो. शेवाळलेल्या पायरीवर एक खेकडा येत-जात होता. कॅमेरा बाहेर काढला नाही, कारण इथला फोटो या मालिकेत बसत नाही.

तिथून दुसरी फेरी. पलीकडे डिचोली तालुका आणि उतरतो त्या गावाचं नाव पुन्हा नार्वे. देवाबरोबर गावाचं नावही नदी ओलांडून गेलं. नवीन जागी राहायला गेलेला माणूस घराला जुन्या गावाचं नाव देतो ना, तसं. मला या सगळ्या इतिहासात हे सगळ्यात जास्त भिडतं. साऱ्या पळापळीत कुणाला तरी वाटलं की नाव मागे ठेवायचं नाही.

या फेरीत गर्दी नव्हती. एक बाई अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, केळीच्या पानात बांधून घेऊन चालली होती. तिने विचारलं, ‘भाऊ, सगळे तिकडे बघतात, तुम्ही इकडे काय बघता?’ मी सांगितलं, सप्तकोटेश्वर इथूनच पलीकडे गेला ना, म्हणून तो काठ बघतोय. ती क्षणभर मागे वळली. वळेसर छातीशी धरून दिवाडीकडे बघत राहिली. त्या दिवशीच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तिच्या मानेवरचा अंबाडा आहे आणि त्यात माळलेली तीन फुलं.

नार्व्याचं देऊळ झाडीत, उतारावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख दारावर आहे. लहान घुमट, समोर दीपमाळ, आत धारालिंग, म्हणजे उभ्या कडा असलेलं शिवलिंग. मी तिथं गेलो की फक्त बसतो. अर्ध्या तासाने निघालो आणि आमोण्याच्या पुलावरून खांडोळ्याला उतरलो. तिथला महागणपतीही दिवाडीचाच.

पुढे माशेल. देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, मयेमार्गे इथं आला. बाळकृष्णासह देवकीची मूर्ती आहे. माशेल म्हटलं की माझी दुसरी मालिका आठवते, ती सांगून टाकतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो होतो. चिखलात लोळणारी, उड्या मारणारी माणसं टिपायला शेकडो कॅमेरे येतात. मीही दोन वर्षं तेच केलं. तिसऱ्या वर्षी खेळ संपल्यावर थांबलो. विहिरीवर, नळावर, शेजारच्या अंगणात लोक एकमेकांच्या पाठीवर पाणी ओतत होते. बाप मुलाच्या कानामागचा चिखल अंगठ्याने काढत होता. तेव्हापासून मी फक्त धुण्याचे फोटो काढतो. सात वर्षं झाली. त्या मुलाला आता मिसरूड फुटली आहे आणि तो बापाच्या पाठीवर पाणी ओततो.

तिसरी मालिका घरातली आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले असतात, लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत. झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून आहे, पण त्याला कायद्याने संरक्षण असल्यामुळे नवीन तुकडे मिळत नाहीत. एक फुटला की तिथं पत्रा नाहीतर काच बसते. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, चेहऱ्यावर सावलीची कड उमटत नाही. अशा खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी काढतो आहे. आतापर्यंत अकरा झाले. घाई नाही, आणि घाई करून चालणारही नाही. एका आजींनी तिसऱ्या भेटीत ‘आज काढ’ म्हटलं.

रविवारी आईला बरोबर घेतलं.

तिचं माहेर रामनाथाच्या महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानाच्या मूळ मानकरी घराण्यांपैकी. बांदिवड्याच्या देवळात तिचं लहानपण गेलं, पण लोटलीला ती आयुष्यात एकदाच गेली होती, कुणाच्या तरी लग्नाला, बसने. दुपारी बोरीच्या पुलावरून झुवारी ओलांडून लोटली गाठली. गावात फिरलो, एका ओसरीवर बसून सोलकढी प्यायलो. जिथं चहासाठी थांबलो त्या घरातल्या बाईने आईला विचारलं, ‘कुठल्या तुम्ही?’ आई नेहमी ‘फोंड्याच्या’ म्हणते. त्या दिवशी म्हणाली, ‘आम्ही मूळच्या इथल्याच.’

साडेपाचच्या सुमारास रासईच्या धक्क्यावर आलो. रासई लोटलीचाच भाग, पलीकडे दुर्भाट, तिथून बांदिवडे जवळ. तेव्हाची होडी नेमकी इथूनच सुटली असा माझा दावा नाही, पण आज लोटलीहून रामनाथाकडे पाण्यावरून जायचं तर वाट हीच. काठावर गोद्यांमध्ये बार्जी, म्हणजे मालवाहू बोटी, उभ्या होत्या, गंजलेल्या, उन्हात तांब्यासारख्या. भरती पुरी भरली होती.

गुडघे दुखतात म्हणून आई स्कूटरवरच बसून राहील असं मला वाटलं होतं. पण इंजिन सुरू झालं तशी ती उतरली, चालत कठड्यापाशी गेली आणि लोटलीकडे तोंड करून उभी राहिली. मी काही सांगितलं नव्हतं. माझे नियम तिला माहीत आहेत का, तेही मी कधी विचारलं नाही. डाव्या हाताने पदर सावरला होता, उजवा हात कठड्यावर.

सूर्य खाली गेला होता. मी तिच्या मागे तीन पावलांवर, गुडघे सैल सोडून. १/२५० ला उजेड पुरेना. १/१२५ केलं, मग १/६०. शेवटी १/३० वर आलो. नियम मोडत होतो आणि ते कळत होतं. बोट मध्यावर आली. काठावरची माणसं ओळखू येईनाशी झाली. आई एकदाही मागे वळली नाही.

अर्धा श्वास सोडला आणि क्लिक केलं.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तेव्हा दिसलं. लोटलीचा काठ स्पष्ट आला आहे, एकेक माड मोजता येईल इतका. मध्ये पसरलेली झुवारी शिशाच्या रंगाची. आईची पाठ, तिचा पांढरा अंबाडा, सगळं स्थिर आहे. फक्त कठड्यावरच्या हातातल्या हिरव्या बांगड्या हलल्या आहेत. लोखंडाची थरथर त्यांच्यात उतरली आहे.

दुर्भाटला रॅम्प घासत खाली आला. स्कूटरवर बसताना आईने घड्याळ बघितलं आणि विचारलं, ‘बांदिवड्याची आरती मिळेल ना रे?’