आईच्या बाथरूमची फरशी

बाथरूमची फरशी निवडायची ती ओल्या, साबण लागलेल्या पायासाठी. दुकानातल्या दिव्यांखाली ती कशी दिसते, हा माझ्या लेखी खूप नंतरचा प्रश्न. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं, तेव्हा सहकारनगरातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम मी तिच्या पायांनी पाहायला लागले. वापरून गुळगुळीत झालेली पांढरी फरशी, दाराशी दीड इंच वर आलेला उंबरा आणि जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचणारं पाणी.

दुकानात शिरलं की पहिल्यांदा पुढ्यात येतात त्या दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. सांधे कमी, पुसायला सोपं, असं सांगतात. हॉलमध्ये ते खरंही आहे. पण बाथरूममध्ये चारही बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, ढाळ द्यावा लागतो आणि एवढी मोठी सपाट टाइल चार दिशांना उतरत नाही. ती तिरकी कापून तुकड्यांत बसवावी लागते. एक बाय एकची टाइल ढाळ सहज घेते, आणि दर फुटावर सांधा आल्यामुळे ओल्या पायाला अडायला जागा मिळते. मी तिथेच आकार पक्का केला. भिंतीची टाइल स्वस्त पडते म्हणून ती खाली लावायला सुचवणारेही भेटतात. ती मुळीच घेऊ नका. ती कमी ताकदीची असते आणि पाणी बरंच जास्त शोषते.

घसरण्याबाबत विचारलं की विक्रेते आर ९, आर १०, आर ११ असे आकडे सांगतात. आकडा चढा तशी पकड जास्त, हे बरोबर. मात्र ही चाचणी उतारावर तेल टाकून, बूट घालून केलेली असते. अनवाणी ओल्या पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच. मी विचारलेल्या दुकानांत तिच्याबद्दल कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून मी मॅट फिनिशचे तीन नमुने घरी आणले, अंगणात मांडले, त्यांवर पाणी आणि साबणाचा फेस ओतला. आई खुर्चीवर बसली आणि एकेकीवर तळवा घासून बघायला लागली. पहिली तिने लगेच बाजूला सारली. दुसरी इतकी खरखरीत होती की ती म्हणाली, "अगं, हिच्यात मळ बसेल, रोज घासणार कोण?" तिसरीवर तिने पाय दाबून धरला. "ही घे. ही पायाला धरते." ती गुजरातमधल्या मोरबीची साधी मॅट सिरॅमिक होती, किमतीला तिन्हींत मधली.

रंगाचाही विचार आईसाठीच केला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी पांढऱ्यावर पांढरं तिला नीट कळत नाही. पांढऱ्या फरशीवर सांडलेलं पाणी आणि फेस दिसत नाही. म्हणून खाली मातकट राखाडी, भिंतीला फिकट, आणि उंबऱ्याला काळ्या ग्रॅनाइटची कडा गोल केलेली पट्टी. उंबरा आता जेमतेम अर्धा इंच आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमची जमीनच पॅसेजपेक्षा खाली घेतली.

खरं काम टाइलच्या खाली असतं, आणि पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना तिथेच होतो. जुनी फरशी काढून राडारोडा खाली गेला, तेव्हा विटांच्या कोब्यात ओल मुरलेली दिसली. तो पूर्ण काढला. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत सिमेंटचा गोल वाटा मारून घेतला, कारण काटकोनातच आधी भेग पडते आणि पाणी तिथून शिरतं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर वरपर्यंत दिले. मग ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी भरून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून त्यांच्या छतावर खडूने खुणा केल्या होत्या. ओल कुठेही उतरली नाही, तेव्हाच पुढचं काम सुरू करू दिलं. ठेकेदार घाई करत होता. पण टाइल बसल्यावर गळती निघाली तर पुन्हा सगळं फोडावं लागतं. त्यापुढे दोन दिवस म्हणजे काहीच नाही.

फरशी बसवणारे मिस्त्री सोलापूरकडचे. आधी त्यांनी नुसत्या सिमेंट-वाळूच्या मालाचा ढाळ करून घेतला, पाच फुटांत पाऊण इंच, आणि ट्यूब लेव्हलने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने, चारही कोपरे तपासले. ढाळ यापेक्षा जास्त केला तर आईचं स्टूल डुगडुगलं असतं. तांब्याभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतून ते कुठे रेंगाळतं हे ते वाकून बघत राहिले. एका जागी थांबलं, तेवढा भाग त्यांनी मी काही बोलायच्या आत खरवडून पुन्हा केला. असं काम करणारा माणूस मिळणं हे भाग्य आहे, मी त्यांच्या कामावर मनापासून खूश आहे. टाइल्स त्यांनी केमिकलवर, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्यावर, बसवल्या, मध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर ठेवून. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक केलं आणि पोकळ वाजलेली एक काढून परत लावली. सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे राळेचं भरण, भरलं. ते महाग पडतं, पण पाणी शोषत नाही. मावशींनाही सांगून ठेवलंय, इथे ॲसिड वापरायचं नाही.

खरेदी करताना खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते पाहून घ्या, आणि तुटफूट धरून दहा टक्के माल जास्त आणा. नंतर त्याच शेडचा मिळेलच असं नाही.

आधाराची दांडी मात्र टाइल्सच्या आधीच ठरवायला हवी. ती कुठे येणार हे आईला स्टुलावर बसवून, हात पुढे करायला लावून ठरवलं. भिंत बंद होण्यापूर्वी पाइपांचे फोटो काढले आणि शेजारी टेप धरून अंतरंही त्यात येतील असं पाहिलं. त्यामुळे ड्रिल मारताना गरम पाण्याची लाइन कुठे आहे याचा अंदाज बांधावा लागला नाही.